नागपूर: निधी-संकलन कार्यक्रमासाठी हॉटेलांकडून मदत कशी मागावी?

वैनगंगा

नमस्कार मंडळी. आमची नोंदणीकृत संस्था मुलींच्या अभ्यासिकेसाठी निधी उभारते आहे. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी धरमपेठ भागातल्या सभागृहात गाण्यांचा कार्यक्रम आहे. साधारण २५० माणसे येतील. मध्यंतरात खाणे, आणि बाजूच्या खोलीत वस्तूंचा लिलाव.

धरमपेठ, रामदासपेठ, सदर, महाल इथल्या ४० हॉटेलांची यादी तयार आहे. सगळ्यांना एकच पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मग फोन करायचे असे ठरते आहे. पत्रात शेवटी "यथाशक्ती सहकार्य करावे, ही विनंती" असे आहे. हॉटेलच्या कूपनांचा लकी ड्रॉ ठेवायचाही विचार आहे. देणाऱ्यांना ८०जीची (आयकरात सवलत मिळवून देणारी) पावती देता येईल का? आणि नेमके काय मागावे, कोणाला, कधी? नोव्हेंबर अर्धा झाला आहे.

रामदासपेठकर

ताई, पहिले "यथाशक्ती" काढा. तो शब्द आला की काय द्यायचे, किती द्यायचे, केव्हा द्यायचे हे सगळे मालकाने ठरवायचे. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तेवढी उसंत नसते, पत्र ड्रॉवरमध्ये जाते आणि तिथेच राहते. मागणी अशी हवी की उभ्या उभ्या हो किंवा नाही म्हणता येईल. "७५ सांबारवड्या (कोथिंबिरीचे सारण भरलेल्या), शनिवारी दुपारी ४.३० ला, डबे घेऊन आमची माणसे येतील." किंवा "दोघांच्या जेवणाची, प्रत्येकी १,००० रुपयांची २ कूपने." समोरचा "७५ नाही जमणार, ४० देतो" म्हणाला तरी काम झाले. आकडा सांगितला तरच घासाघीस होते.

४० जणांना एकच पत्र तर अजिबात नको. बसून जेवायच्या मोठ्या हॉटेलांकडे कूपन मागा, पदार्थ नको. १,००० रुपयांच्या जेवणात कच्च्या मालाचा खर्च साधारण ३०० ते ३५० असतो, म्हणजे त्यांच्या खिशातून जाते तेवढेच आणि तुमच्या लिलावात किंमत १,००० ची. शिवाय शनिवारी संध्याकाळी त्यांचे स्वयंपाकघर आधीच भरलेले असते, त्यात तुमचे १०० प्लेट घुसवले तर एक तर उशीर होतो नाही तर चव बिघडते. कूपनाचा भार कोणत्याही मंगळवारी उतरतो.

मिठाई-फरसाणवाल्यांकडे उलट. तिथे माल मागा. कढई सकाळपासून चालूच असते, ३ किलो जास्तीचे त्यांना जड नाही. पोह्यांच्या ठेल्यावाल्याला मात्र फुकट मागू नका. त्याचा एका दिवसाचा गल्लाच छोटा असतो. त्याला कच्चा माल तुम्ही द्या, मजुरी ठरवून द्या आणि नाव लावा. मॉलमधल्या साखळी ब्रँडचा मॅनेजर काहीच ठरवू शकत नाही, मुख्य कार्यालयाकडे ईमेल जातो आणि दोन महिने निघून जातात. यंदा ती नावे सोडा.

वेळेबद्दल. सोमवार ते गुरुवार, दुपारी ३.३० ते ५.३०. जेवणाची गर्दी ओसरलेली, रात्रीची तयारी सुरू व्हायची असते. फोन करून नाही, समक्ष जा. दोघांनी जा: एकाने बोलायचे, दुसऱ्याने लिहून घ्यायचे. "मालक केव्हा भेटतील" एवढेच पहिल्या खेपेला विचारले तरी चालते, पण पत्र वेटरच्या हातात ठेवून येऊ नका.

आता लगेच निघा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झाले की सिव्हिल लाइन्स-सदरची हॉटेले मंत्री, आमदार, अधिकारी, मोर्चेवाले यांनी भरतात, तेव्हा मालक डोके वर काढत नाही. २० डिसेंबर ते २ जानेवारी कोणाकडेच जाऊ नका. ज्यांच्याकडे लग्नाचे हॉल आहेत त्यांना ३ जानेवारी ते संक्रांत या दिवसांत गाठा. धनुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे ती मंडळी मोकळी असतात. पुढच्या वर्षीसाठीही लक्षात ठेवा: भाद्रपदात जाऊ नये. दहा मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या फाडून झालेल्या माणसाकडे अकरावी मागणी घेऊन गेलो तर तो उगाच तुटतो.

जुनी_शुक्रवारी

वरचं सगळं बरोबर सांगून राहिले, पण महाल, इतवारी, गोळीबार चौकाकडच्या सावजी भोजनालयांचं गणित वेगळं आहे. तिथं मालक गल्ल्यावर नसते, भट्टीवर असते. कुटुंबच चालवून राहिलं असते. लेटरहेडवरचं पत्र वाचत बसणार नाही. ताई, तुम्ही तिथं जेवायला बसा, जेवून झाल्यावर हात धुता धुता बोला. आणि कूपन मागू नका. बरेच ठिकाणी छापील बिलच नसते, मग कूपन कशावर वळतं करणार?

त्यांच्याकडून मसाला मागा. घरचा सावजी मसाला, अर्ध्या अर्ध्या किलोची ५ पाकिटं. पाकिटावर तारीख आणि "किती मटणाला किती चमचे" हे हातानं लिहून घ्या, त्या ओळीनंच लिलावात भाव चढते. दुसरी गोष्ट, "सावजी रस्सा शिका, दोन तास, चौघांना" असा एक आयटम ठेवता येते. मालकाचा खर्च चौघांच्या सामानाचा, आणि बोली कूपनाच्या वर जाते, कारण ते बाजारात विकत मिळत नाही. दिवस आणि वेळ मात्र आधीच ठरवून कार्डावर लिहा, नाहीतर घेणारा फोन करत राहते आणि मालकाला जमत नाही.

हॉलवर सामिष चालते का हे पहिले विचारा. बऱ्याच सभागृहांत चालत नाही. चालत असेल तर टेबल वेगळं, डाव वेगळा, वाढणारा माणूस वेगळा.

सीए_खामला

कागदाच्या बाजूचे. ८०जीची सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. त्यामुळे बर्फी, कूपन, मसाला यांसाठी ८०जीची पावती देऊ नका, "देता येईल" असे तोंडीही म्हणू नका. पैसे दिले तरी रोख २,००० रुपयांच्या वर असतील तर सवलत मिळत नाही, यूपीआय किंवा चेक घ्या. वस्तूसाठी संस्थेची साधी पोच द्या: काय मिळाले, किती, कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यक्रमासाठी. रुपयांत किंमत लिहू नका. हॉटेलवाल्याच्या हिशेबात ती किती धरायची हे त्याचा सीए ठरवेल.

लिलावात १,००० चे कूपन ज्याने ९०० ला घेतले त्यालाही देणगी पावती नाही. त्याने पैसे दिले आणि त्याबदल्यात जेवण घेतले, ती विक्री आहे. पावतीपुस्तक वेगळे ठेवा, एकाच पुस्तकात दोन्ही फाडले की ऑडिटला निस्तरावे लागते.

जीएसटीचा प्रश्न मोठे मालक विचारतील. ५ टक्क्यांत असलेले हॉटेल इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतच नाही, त्यामुळे फुकट दिलेल्या जेवणावर उलटवण्यासारखे काही नसते. मिठाईच्या दुकानातून नियमित जीएसटीखाली माल जातो, तिथे केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ चे कलम १७(५)(एच) लागते: भेट दिलेल्या मालावरचे क्रेडिट घेता येत नाही. रक्कम ३-४ किलो बर्फीला किरकोळ असते, पण त्यांना आधी सांगा.

बॅनरवर नाव कसे लिहिता याला महत्त्व आहे. ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रक ११६/३५/२०१९ नुसार कृतज्ञता म्हणून देणगीदाराचे नाव लावले आणि त्यातून त्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल तर जीएसटी नाही. "सहकार्य: अमुक, धरमपेठ" ठीक. त्याखाली फोन नंबर, "१० टक्के सूट", मेनूचा फोटो आला की ती जाहिरात झाली, प्रायोजकत्व झाले. तुमची संस्था जीएसटीत नोंदलेली असेल तर हे विशेष पाळा.

छोट्या हॉटेलकडे सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) हा शब्द काढू नका. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ लागायला निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी लागते. भागीदारीतल्या हॉटेलवाल्याला तो शब्द ऐकून नुसता संशय येतो.

वाचणाऱ्यांत कोणाची संस्था नोंदणीकृत नसेल तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. गणेश मंडळे दरवर्षी घेतात तीच.

वैनगंगा

खूप उपयोगी माहिती, सर्वांचे आभार. लकी ड्रॉबद्दल कोणी बोलले नाही. ५० रुपयांचे तिकीट, ५ हॉटेलांची कूपने बक्षीस. तो ठेवावा का?

सीए_खामला

ठेवू नका. पैसे घेऊन तिकीट, चिठ्ठीने बक्षीस, ही कायद्याच्या दृष्टीने सोडत आहे. १९९८ चा लॉटरी नियमन कायदा आहे, आणि विनापरवाना सोडत चालवणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. हेतू चांगला असला म्हणून त्यातून सुटका नाही. परदेशी संस्थांच्या मार्गदर्शक पुस्तिकांत हा प्रकार सर्रास असतो, तो इथे जशाचा तसा उचलता येत नाही. तीच ५ कूपने लिलावात ठेवा.

कागदी_लिलाव

मग लिलाव नीट करा. तोंडी बोली नको, गाण्याच्या कार्यक्रमात गोंधळ होतो आणि लाजाळू माणूस हात वर करत नाही. प्रत्येक वस्तूपुढे एक कागद, त्यावर वस्तू, देणाऱ्याचे नाव, सुरुवातीची बोली, पायरी आणि बंद होण्याची वेळ. सुरुवात छापील किमतीच्या ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. १,००० च्या कूपनाला ४०० पासून, पायरी ५० ची. पायरी लिहिली नाही की लोक ४०१, ४०२ असे लिहीत बसतात. मध्यंतर संपल्यावर १५ मिनिटांनी सगळे कागद एकदम उचला, एकेक टेबल वेगवेगळ्या वेळी बंद करू नका.

"२० टक्के सूट" असले कूपन कोणी दिले तर आभार माना, पण लिलावात ठेवू नका. त्यावर बोली लागत नाही, उलट शेजारच्या चांगल्या कूपनाचा भाव पाडते. ५०० रुपयांची छोटी कूपने एकेकटी ठेवण्यापेक्षा एकत्र बांधा: नाश्ता, जेवण, आइस्क्रीम अशी तीन ठिकाणची मिळून "धरमपेठेतला एक रविवार". मात्र तिन्हींची मुदत सारखी असावी.

बहुतेक वाद कूपन वापरताना होतात. ग्राहक जातो, त्या दिवशी काउंटरवर नवा मुलगा असतो, त्याला काही माहीत नसते. मग नाव संस्थेचे खराब होते आणि हॉटेलवालाही पुढच्या वर्षी दारात उभे करत नाही. म्हणून कूपन तुम्हीच छापा, हॉटेलवाल्याकडून फक्त सही-शिक्का घ्या. त्यावर क्रमांक, रक्कम करांसह की करांशिवाय, मुदतीची शेवटची तारीख (६ महिने द्या), कोणत्या दिवशी चालणार नाही, पार्सलला चालेल का, आणि उरलेली रक्कम रोख परत मिळणार नाही ही ओळ. कार्यक्रमानंतर दोन दिवसांत कोणते क्रमांक विकले गेले त्याची यादी प्रत्येक काउंटरवर नेऊन द्या. न विकलेली कूपने परत करा.

तर्री

खाण्याचे आकडे देतो. २५० माणसांना ४ पदार्थ असतील तर प्रत्येकाचे २५० प्लेट लागत नाहीत, १५० पुरतात. फक्त गोड सगळे घेतात.

तर्री पोहे: कोरडे पोहे १ किलोचे नाश्त्याच्या मापाचे १६-१७ प्लेट. १५० ला ९ किलो. तर्री (पोह्यांवर घालायचा हरभऱ्याचा तिखट रस्सा) प्लेटमागे १०० मिली म्हणजे १५ लिटर, पण लोक वरून मागतातच, १८ धरा. हरभरे कोरडे पावणेतीन किलो, भिजून शिजून साधारण ६ होतात. पोहे दुकानातून करून आणू नका. झाकलेल्या गंजात (पातेल्यात) अर्ध्या तासात गोळा होतो, उघडे ठेवले तर वाळतात. हॉलवर दोन घाण्यांत करा, पोहे फक्त त्या घाण्यापुरते भिजवा. तर्री मात्र आधी करून नेता येते. वरचा तेलाचा थर वाफ धरून ठेवतो, त्यामुळे गंज ढवळत राहू नका, डाव खालपर्यंत घालून एकदाच वर काढा, म्हणजे हरभरेही येतात आणि तवंगही.

सांबारवडी: जानेवारीत सांबार म्हणजे कोथिंबीर स्वस्त आणि ताजी असते, म्हणून मागायला हाच पदार्थ योग्य. दीडशे जणांना एकेक, दोन दुकानांत ७५-७५ वाटा. तळून बंद डब्यात भरली की आतल्या सारणाची वाफ आवरणात मुरते आणि वडी लोळागोळा होते. दुकानात कच्ची-पक्की तळून घ्या, उघड्या ट्रेमध्ये एका थरात न्या, हॉलवर दुसऱ्यांदा तळा. कढी वेगळ्या भांड्यात.

हॉलवर शेगडी चालत नसेल तर हे दोन्ही सोडा आणि कोरडे फरसाण, चिवडा मागा. चालत असेल तर सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक आणा. घरचा १४.२ किलोचा कार्यक्रमात वापरता येत नाही.

संत्रा बर्फी: किलोत साधारण ४० तुकडे. २५० ला सव्वासहा किलो, ७ मागा, पण एकाकडे नाही. साडेतीन-साडेतीन दोघांकडे. साडेतीन किलोला हो मिळते, सातला "विचार करून सांगतो" मिळते.

गोळाभात, मसालेभात मागू नका. शिजलेला भात कोमट राहिला की लवकर बिघडतो आणि वासावरून कळत नाही. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे. जानेवारीत ६ वाजल्यापासून गारठा सुरू होतो, भांडे पटापट उतरते. दही-वडे द्यायचे असतील तर बर्फाच्या परातीत.

प्लेटा कोण आणणार हे प्रत्येक दुकानाशी बोलताना लिहून घ्या. थर्माकोल आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, कागदी किंवा पानांचे द्रोण घ्या. आणि उरलेले: टेबलावर मांडलेले काहीही वसतिगृहात पाठवू नका. फक्त न उघडलेले, गरम राहिलेले भांडे, आणि तेही दोन तासांच्या आत.

वैनगंगा

पत्र नव्याने लिहिले आहे. बघाल का?

"आदरणीय महोदय, आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत मुली रोज अभ्यासाला येतात. जागा वाढवण्यासाठी जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी धरमपेठेत संगीत संध्या आहे, २५० जण येतील. मध्यंतरातल्या खाण्यासाठी आपल्याकडून साडेतीन किलो संत्रा बर्फी मिळावी अशी विनंती आहे. आमचे कार्यकर्ते त्याच दिवशी ४ वाजता येऊन घेऊन जातील. टेबलावर आपल्या दुकानाचे नाव राहील. संस्थेचा नोंदणी क्रमांक व कार्यकर्त्याचा फोन खाली दिला आहे. आपले सहकार्य मिळाल्यास आम्ही आपले सदैव ऋणी राहू."

रामदासपेठकर

चांगले झाले आहे. तीन बदल. "मुली" च्या आधी आकडा हवा, किती मुली बसतात आणि जागा वाढली की किती बसतील. "महोदय" च्या जागी मालकाचे नाव, ते पाटीवर नसेल तर शेजारच्या पानठेल्यावर विचारा. आणि शेवटचे वाक्य काढून "पुढच्या गुरुवारी ४ वाजता उत्तरासाठी येतो" असे लिहा. म्हणजे त्याला फोन करायचे ओझे नाही आणि तुम्हाला वाट पाहत बसायचे नाही.

गुरुवारी जाऊन "नाही" आले तर तिथेच थांबा, आग्रह करू नका, पण नोंदवहीत कारण लिहा. "लग्नाची ऑर्डर आहे" हे कारण पुढच्या वर्षी राहत नाही. "आम्ही फक्त देवस्थानाला देतो" हे राहते. "हो" आले तर कार्यक्रमाच्या आधी दोनदा आठवण: ८ दिवस आधी एकदा, आदल्या दिवशी सकाळी एकदा. आदल्या रात्री उशिरा नको, कारागीर माल सकाळीच ठरवतात.

जुनी_शुक्रवारी

आणि आभारपत्र आठ दिवसांच्या आत, हातात. किती जमले, त्यातून किती खुर्च्या, किती दिवे येऊन राहिले ते लिहा. बर्फीच्या टेबलाचा एक फोटो लावा ज्यात दुकानाचं नाव वाचता येते. तो फोटो गल्ल्यामागं लागते.

वैनगंगा

सगळे वहीत उतरवले. साखळी ब्रँड आणि पोह्यांचे ठेले काढून यादी ४० वरून २६ वर आली: १२ ठिकाणी कूपन, ९ ठिकाणी माल, ५ ठिकाणी मसाला. पोह्यांसाठी गोकुळपेठेतल्या एकाला मजुरी ठरवून बोलावतो आहोत. लकी ड्रॉ रद्द. सध्या ४८ मुली बसतात, खोली वाढली की ८०, हे पत्रात घातले. हॉलवर शेगडीबद्दल उद्या विचारते, त्यावर सांबारवडी ठरेल. सोमवारी दुपारी साडेतीनला दोघी जणी गोकुळपेठेपासून निघतोय.